'मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप' नवख्या कीपरने चालवावी का? पात्रं सारखी मरत राहिली तर गोष्ट पुढे कशी न्यायची?

तुम्ही लिहिलंय की ग्रुप डी अँड डीवर (डंजन्स अँड ड्रॅगन्सवर) वाढलेला आहे, कॉल ऑफ कथुलू या भयकथांच्या रोलप्लेइंग गेमचं पुस्तक आत्ताच घेतलंय, कीपर म्हणजे गोष्ट चालवणारा म्हणून पहिलीच वेळ आणि डोळा थेट 'मास्क्स' या लांबलचक कॅम्पेनवर. आणि धास्ती ही की पात्रं पटापट गेली तर निम्म्या वाटेत टेबलावर कोणालाच ठाऊक नसेल की आपण शांघायला नेमके कशाला आलोय. धास्ती रास्त आहे. तरी माझं उत्तर: चालवा. फक्त उद्याच नको.

(तुमच्या ग्रुपमधलं कोणी हे वाचत असेल तर इथेच थांबा राव, पुढे सगळे स्पॉयलर आहेत.)

आधी एक-दोन संध्याकाळी 'द हॉन्टिंग' ही छोटी गोष्ट खेळून घ्या. बॉस्टनमधलं एक घर, कॉर्बिट नावाचा जुना मालक, आणि एक पलंग जो माणसाला खिडकीतून बाहेर फेकतो. बास. एवढ्यात तुमच्या डी अँड डीवाल्यांना कळेल की इथे दहा-बारा हिट पॉइंट्स म्हणजे खूप, लेव्हल वगैरे काही नाही, आणि दार उघडून आत घुसणं हा प्लॅन नसतो. सॅनिटीचा, म्हणजे डोकं किती ठिकाणावर आहे याचा नियमही तिथेच अंगवळणी पडतो. पात्राच्या पॉवर या आकड्यावर सुरुवातीची सॅनिटी ठरते, भयंकर काही दिसलं की ती घटते, आणि एका फटक्यात पाच किंवा जास्त गेली की फासे टाकून इंटेलिजन्सचा रोल करायचा. आता गंमत बघा, हा रोल फेल झाला तर तुम्ही वाचलात, कारण डोक्याने समोरचं नीट घेतलंच नाही. पास झालात तर काय पाहिलं ते कळलं, आणि मग वेडाचा झटका. हुशार प्रोफेसर आधी कोसळतो. डी अँड डीमधून आलेल्यांना हे पचायला वेळ लागतो, आमच्यातल्या एकाने तर रोल पास झाला म्हणून टाळी वाजवली होती.

आता कॅम्पेनबद्दल. १९८४ साली केऑसियम या प्रकाशकाने काढलेली, लॅरी डिटिलिओ आणि लिन विलिस यांनी लिहिलेली, २०१८ मध्ये सातव्या एडिशनसाठी पार नव्याने बांधलेली. काळ १९२५. गोष्टीचं मूळ त्याआधीचं, १९१९ मध्ये रॉजर कार्लाइल नावाचा न्यूयॉर्कचा उधळ्या श्रीमंत पोरगा एक मोहीम घेऊन लंडन, कैरो करत केनियाला जातो आणि तिथे सगळ्यांची कत्तल झाली असं जाहीर होतं. जॅक्सन इलायस हा लेखक, पंथ-बिंथ उघडे पाडणारा, त्याला संशय येतो की काही जण मेलेच नाहीत, कारण कत्तलीच्या जागी गोऱ्यांची प्रेतं मिळालीच नव्हती. तो तुमच्या पात्रांना तार करून १५ जानेवारी १९२५ ला न्यूयॉर्कला बोलावतो, ते चेल्सी हॉटेलच्या ४१० नंबरच्या खोलीत पोचतात तेव्हा त्याचा खून झालेला असतो, खुनी अजून खोलीतच असतात. तिथून इंग्लंड, इजिप्त, केनिया, ऑस्ट्रेलिया, शांघाय. क्रम तुमचे खेळाडू ठरवतात.

माझं ठाम मत असं की ही कॅम्पेन राक्षसांच्या नाही, कागदांच्या जोरावर चालते. माणसं मरतात, कागद मरत नाहीत. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे.

त्या खोलीतच बघा काय काय सापडतं: शांघायच्या 'स्टम्बलिंग टायगर' बारची काडेपेटी, एका यॉटचा धूसर फोटो, कैरोच्या फराज नाजिरचं कार्लाइलला लिहिलेलं पत्र, इमर्सन इम्पोर्ट्सचं कार्ड आणि त्याच्या पाठीवर पेनाने लिहिलेलं एक नाव, एका पंथावरच्या व्याख्यानाचं पत्रक. म्हणजे पहिल्याच खोलीत अर्ध्या जगाचे पत्ते. हे नुसतं वाचून दाखवू नका, हातात द्या. काडेपेटीचं सांगतो, मी घरातल्या देवघरातली काडेपेटी घेतली, तिचं लेबल पाण्यात भिजवून काढलं, नवीन छापून चिकटवलं आणि आत चार काड्या ठेवल्या. पुढे ती पेटी टेबलावर कायम पडून असायची, लाइट गेल्यावर तिच्यातली एक काडी मेणबत्तीसाठी वापरलीही गेली, पण शांघायचा पत्ता कोणाला विचारावा लागला नाही. घरातून थोडं ऐकून घ्यावं लागलं ते वेगळं.

तर एक बॉक्स फाइल आणा, स्टेशनरीवाल्याकडे मिळते ती जाड पुठ्ठ्याची, आणि सगळे हँडआऊट, म्हणजे खेळाडूंच्या हातात दिलेले कागद, तिच्यात. आणि ती फाइल खेळातही खरी आहे असं ठरवा. इलायसचा प्रकाशक जोना केन्सिंग्टन न्यूयॉर्कमध्ये बसलेला आहेच, पात्रांना सवय लावा की जिथून निघाल तिथून त्याला पत्र टाकायचं, काय सापडलं, कोणावर संशय आहे, पुढे कुठे चाललोय. हे पत्र खेळाडूंपैकी एकाने खरंच लिहायचं, अर्धं पान पुरे, आळीपाळीने. याने दोन कामं होतात. मागच्या सेशनला काय झालं हे तुम्हाला घसा कोरडा करून सांगावं लागत नाही. आणि कोणी मेला की नवीन माणूस केन्सिंग्टनने पाठवलेला, फाइल वाचून आलेला, त्यामुळे "मी या बारमध्ये सहज बसलो होतो, तुमच्याबरोबर जीव द्यायला येऊ का?" असला बाष्कळपणा वाचतो. अगदी सगळेच्या सगळे गेले, आणि हार्लेममधल्या पंथाच्या अड्ड्यात, जू-जू हाऊसच्या तळघरात बंदुका घेऊन उतरले तर जाणारच आहेत, तरी पुढची टोळी त्याच पत्रांवरून उभी राहते. मेलेल्या माणसाच्या अक्षरातलं पत्र नवीन पात्राने वाचणं, यापेक्षा भारी रिकॅप मी तरी पाहिलेला नाही.

हे चालायला एक अट आहे, खेळाडूंना इलायस आवडला पाहिजे. जुन्या एडिशनमध्ये "तो तुमचा मित्र होता" एवढं सांगून लगेच मढं दाखवायचे, कोणाला काय पडलंय. नव्यात १९२१ ची पेरूची सुरुवात जोडली आहे, लिमात इलायस भेटतो, मग पुनो, टिटिकाका सरोवराकडचा भाग. काही लोक हा भाग गाळा म्हणतात, अजिबात गाळू नका. तिथे इलायसला माहिती सांगणारं मशीन करू नका, त्याला जेवू द्या, उधारी करू द्या, थापा मारू द्या.

नवीन पात्रं कुठली आणायची, इथे आपल्याला एक फायदा आहे जो अमेरिकन ग्रुपला सहज सुचत नाही. दोन महायुद्धांमधला काळ म्हणजे आपल्याकडची माणसंसुद्धा जगभर विखुरलेली. आमच्याकडे केनियात एक पात्र गेलं तेव्हा त्या खेळाडूने मराठा पलटणीचा निवृत्त हवालदार आणला. ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री, इराकमधल्या कूत-अल-अमाराच्या वेढ्यात होती, एप्रिल १९१६ मध्ये तिथल्या फौजेने शरणागती पत्करली आणि पुढे तुर्कांची कैद, हे सगळं खरं आहे. तो माणूस आता नैरोबीत एका व्यापाऱ्याच्या वखारीवर रखवालदार. सॅनिटी आधीच घसरलेली, उपासमार पाहिलेली, साहेबाच्या हुकमावरचा विश्वास उडालेला. न्यूयॉर्कमध्ये हिल्टन ॲडम्स नावाचा एक काळा माजी सैनिक आहे, हार्लेमच्या ३६९ व्या रेजिमेंटचा, पंथाने केलेल्या खुनांसाठी फाशीची वाट बघत सिंग सिंग तुरुंगात बसलेला. हवालदाराने फाइलमध्ये त्याची कहाणी वाचली आणि टेबलावर काही क्षण कोणी बोललंच नाही, मी काहीही केलं नव्हतं.

आणि अशा पात्राने खेळही बदलतो. केनिया १९२० पासून क्राउन कॉलनी, त्याच वर्षापर्यंत तिथे आपला रुपया चालायचा, रेल्वे बांधायला मजूर इथून गेलेले, पण डोंगराळ भागातली चांगली जमीन फक्त गोऱ्यांना. मग साहेब पात्राला क्लबात जे कळतं ते हवालदाराला कळत नाही, आणि इंडियन बाजारात दुकानाच्या फळीवर बसून जे कळतं ते साहेबाच्या सात पिढ्यांना कळणार नाही. क्लू असे वाटून द्या. शांघायला तर इंटरनॅशनल सेटलमेंटच्या पोलिसात शीख शिपाई होतेच.

यावरून तो दुसरा विषय, की परक्या देशातले काळे-सावळे लोक म्हणजे पंथवाले आणि गोरे म्हणजे हिरो, हा १९८४ च्या लिखाणाचा वास आहेच. नव्या एडिशनने बराच साफ केलाय, पूर्ण नाही. मी उपाय म्हणून भाषणं दिली नाहीत, खरा इतिहास आणला. १९ नोव्हेंबर १९२४ ला कैरोत इजिप्तच्या फौजेचा ब्रिटिश सेनापती सर ली स्टॅक याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तो दुसऱ्या दिवशी गेला, ब्रिटिशांनी इजिप्तचं नाक दाबलं, पंतप्रधान झघलूल पायउतार झाले. तुमची पात्रं त्यानंतर काही महिन्यांत तिथे उतरतायत. ३० मे १९२५ ला शांघायच्या नानजिंग रोडवर पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला आणि सगळं शहर संपावर गेलं. पात्रं जूनमध्ये पोचली तर इंग्रजी बोलणाऱ्याला कुली मिळत नाही, आणि त्याचं कारण पंथाचा देव न्यार्लाथोटेप नाही. वागण्याला साधं मानवी कारण असलेली माणसं आजूबाजूला असली की पंथवाले वेगळे उठून दिसतात, नाहीतर सगळा देशच संशयित होतो.

कॉस्मिक भीतीचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीये पण विचाराल. शेपट्या-सोंडांचं वर्णन जितकं लांबवाल तितकं ते कार्टून होतं. माझा आवडता कागद कॅम्पेनमधला नाहीच. १ जानेवारी १९२५ ला वॉशिंग्टनला खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत एडविन हबलचा पेपर वाचला गेला, की अँड्रोमेडा हा आपल्या आकाशगंगेतला ढग नाही, तिच्या फार बाहेरची वेगळी आकाशगंगा आहे. म्हणजे इलायस मरायच्या पंधरा दिवस आधी विश्व अचानक कितीतरी पटीने मोठं झालं. मी त्याची वर्तमानपत्रातली छोटी बातमी असावी तसा कागद बनवून न्यूयॉर्कच्या हँडआऊटमध्ये सरकवला. सगळ्यांनी क्लू म्हणून त्यावर डोकं फोडलं, सुतावरून स्वर्ग गाठला, शेवटी मीच सांगितलं की यात काही दडलेलं नाही, एवढंच आहे. ऑस्ट्रेलियात पोचल्यावर एकीने आपणहून तो कागद फाइलमधून काढला.

कॅलेंडर मात्र भिंतीवर लावा. शेवट १४ जानेवारी १९२६ ला आहे, खग्रास सूर्यग्रहण, आणि ते खरोखर झालेलं आहे, पट्टा पूर्व आफ्रिकेवरून हिंदी महासागर ओलांडून सुमात्राकडे गेलेला. वर्षभर आहे म्हणून खेळाडू निवांत असतात, पण न्यूयॉर्क ते इंग्लंड बोटीने पाच-सहा दिवस, तिथून पुढे आठवडेच्या आठवडे जातात. हा बोटीवरचा वेळ फुकट घालवू नका, जखमा भरणं, पंथाचे ग्रंथ वाचणं, सॅनिटी सावरणं सगळं तिथेच होतं, आणि ग्रंथ वाचून मिथॉसचं, म्हणजे असल्या देवा-राक्षसांचं ज्ञान वाढलं की सॅनिटीची वरची मर्यादा तेवढीच खाली येते, तेव्हा कोणी वाचायचं यावर बोटीत भांडणं लावून द्या. मोंबासाहून पूर्वेकडे जाताना आमची मंडळी ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटीने मुंबईला उतरली, पुस्तकात हे नाही, पण व्हीटीवरून कुर्ल्याला १९२५ च्या फेब्रुवारीपासून विजेची गाडी सुरू झालेली, ती बघायला सगळे गेले आणि एक अख्खं सेशन बिनराक्षसाचं गेलं. कोणाची तक्रार नव्हती.

तुमचे पोरगे मारामारीशिवाय राहणारच नसतील तर 'पल्प कथुलू' हे मारधाडीचं नियमपुस्तक घ्या, हिट पॉइंट दुप्पट होतात, आणि नव्या 'मास्क्स'मध्ये पल्पसाठी सूचना जागोजागी दिल्यात. मला स्वतःला त्यात भीती पातळ वाटते पण नवख्या ग्रुपला ते सोयीचं जाईल. वेळेचं म्हणाल तर दर आठवड्याला बसलात तरी वर्ष उलटणार, आणि पाच मोठ्या माणसांच्या सुट्ट्या जुळवणं हा यातला सगळ्यात अवघड रोल आहे. पुस्तक दोन जाडजूड खंडांत आहे आणि महाग आहे, पीडीएफ घेतलीत तरी चालेल, पण हँडआऊट मोबाइलवर फॉरवर्ड करू नका, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून जाड पिवळट कागदावर छापून आणा.