ब्रॉयलरचं (मांसासाठी पाळलेल्या कोंबडीचं) वजन वाढावं म्हणून पाण्यातून काय द्यावं?

टॉनिकच्या आधी पाणी तपासा. बोअरवेलच्या पाण्याचा पीएच ७.५ ते ८ असेल तर पाणी निर्जंतुक करणाऱ्या क्लोरीनचा जोर कमी पडतो. अ‍ॅसिडिफायर (पाणी आम्लधर्मी करणारं द्रावण) टाकून पीएच ६ ते ६.५ वर आणा, पण ४ च्या खाली गेला तर पक्षी पाणी कमी पितात. आणि पाणी कमी म्हणजे खाद्यही कमी, कारण पक्षी खाद्याच्या जवळपास दुप्पट पाणी पितो. अ‍ॅसिडिफायर आणि ब्लीचिंग पावडर एकाच बादलीत कधीही कालवू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पाण्यातून लस देणार असाल तर आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत क्लोरीन आणि अ‍ॅसिडिफायर दोन्ही बंद ठेवा. लसीच्या पाण्यात लिटरला २.५ ग्रॅम स्किम मिल्क पावडर घाला. प्रोबायोटिकही (पचनाला मदत करणारे जिवंत जिवाणू) क्लोरीनच्या पाण्यात मरतं, ते खाद्यातून द्या.

वाढीसाठी कोलिस्टिन हे अँटिबायोटिक मात्र नकोच. २०१९ पासून कोंबड्यांसाठी त्यावर देशात बंदी आहे.