मोफत वाचनमालिका सुरू करताना

प्रिय दोस्त,

दादरला दर महिन्याला नवोदित आणि क्वीअर (समलिंगी, ट्रान्स वगैरे) लेखकांचं जाहीर वाचन सुरू करायचं, तिकीट ठेवायचं नाही, असं तू कळवलंस. जरूर कर. कार्यक्रम फुकट आणि खुला ठेवला की दारातून आत कोण येईल यावर आपला ताबा राहत नाही, आणि तो नसावाच. पण आतलं काय बाहेर जाईल, म्हणजे कुणाचं नाव, चेहरा, आवाज, हे ज्याचं त्यानेच ठरवायचं असतं. त्याची सोय आयोजकाने आधीच करून ठेवावी लागते. खुर्च्या आणि माइक त्यानंतर.

जाहिरातीत ‘नवोदित आणि क्वीअर’ असे दोन्ही शब्द एकत्रच राहू देत. त्यामुळे प्रेक्षकांत किंवा माइकसमोर कुणी दिसलं, म्हणून त्याच्याबद्दल कुणाला काही ठरवता येत नाही. ज्यांनी अजून घरी सांगितलेलं नाही, त्यांना हा आडोसा लागतो. मालिकेचं नावही असं निवड, की घरच्यांसमोर मोबाइलवर झळकलं तरी कुणाची पंचाईत होऊ नये.

अर्जात नावाचे तीन रकाने ठेव: आम्ही तुला काय म्हणू, पोस्टरवर काय छापू, माइकवरून काय पुकारू. तिन्ही उत्तरं वेगळी येऊ शकतात. टोपणनावाला मराठीत मोठी परंपरा आहे. केशवसुत, कुसुमाग्रज ही नावं आपण बिनदिक्कत घेतो, तेव्हा नव्या लेखकाला ‘खरं नाव काय’ असं विचारायचं कारण नाही. परिचय मात्र लेखकाकडूनच चाळीसेक शब्दांत, तृतीयपुरुषी लिहून घे आणि निवेदकाला तो जसाच्या तसा वाचायला सांग. मराठीत ‘लिहितो’ की ‘लिहिते’ हे ठरवल्याशिवाय परिचय सहसा पुढे सरकत नाही. ऐनवेळी अंदाजाने बोललेला निवेदक नेमका तिथेच चुकतो, आणि त्या लेखकाचं पुढचं सगळं वाचन त्या एका क्रियापदाखाली दबून जातं.

माहिती फुटते ती बहुतेकदा साध्या गोष्टींतून. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, म्हणून ग्रुप नको, ब्रॉडकास्ट लिस्ट कर. तो संदेश फक्त तुझा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो, हे पहिल्याच निरोपात सांग. नाहीतर निम्म्या लोकांना काहीच कळणार नाही आणि तुला वाटेल की कुणाला यायचंच नाही. अर्जांची शीट फक्त दोघांकडे असू दे. मानधनाचंही तेच. यूपीआयने पैसे पाठवताना खात्यावरचं कागदोपत्री नाव समोर येतं, आणि ‘शेरा’ म्हणून लिहिलेलं पासबुकात उमटू शकतं. ट्रान्स लेखकाचं जुनं नाव अशा वेळी दोन-तीन स्वयंसेवकांच्या नजरेस पडतं. कुणाचं खातं वडिलांबरोबर जोडलेलं असतं. म्हणून ‘रोख की यूपीआय’ हे प्रत्येकाला आधी विचार आणि शेऱ्याची जागा कोरी सोड. रक्कम छोटी असली तरी द्यायचीच. कर्जत किंवा विरारहून येणाऱ्याला निदान जाण्यायेण्याचा आणि खाण्याचा खर्च सुटला पाहिजे. प्रवेश फुकट आहे म्हणून लेखकानेही फुकट वाचावं, हे आम्हाला मान्य नाही. कार्यक्रमानंतर डबा फिरव, त्यातून चहापाण्याचं निघतं. मानधनाची तजवीज मात्र आधीच हवी.

दादर निवडलंस ते योग्यच. मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्ग तिथे मिळतात. वार शनिवार धर. रविवारी मेगाब्लॉक असला की दुपारपर्यंत गाड्यांचं वेळापत्रक कोलमडलेलं असतं आणि लांबून येणारे घरातूनच निघत नाहीत. दुसरा शनिवार बँकांना सुट्टीचा, तो चांगला. वेळ साडेपाच ते सात. सातला संपलं की गप्पा मारूनही सगळे वेळेत घरी पोचतात, ‘उशीर का झाला’ या प्रश्नाला तोंड द्यावं लागत नाही. चार महिन्यांच्या तारखा एकदम जाहीर कर. तारीख दर वेळी बदलली की प्रेक्षक तुटतो. जून जगभर प्राइडचा, म्हणजे क्वीअर अभिमानाचा, महिना असला तरी मुंबईत तो पावसाचा. जून ते सप्टेंबर स्टेशनपासून पाच मिनिटांच्या आतली जागा घे आणि कार्यक्रम होणार की नाही ते दुपारी दोनला कळव. दादरजवळच्या हिंदमाताला पाणी भरल्यावर निरोप पाठवून उपयोग नसतो.

जागा ग्रंथालयाची असो, शाळेची की कॅफेची, विषय लपवून घेऊ नकोस. ‘कविसंमेलन आहे’ एवढंच सांगून हॉल घेतला आणि पोस्टर पाहून व्यवस्थापकाने त्याच दिवशी कुलूप लावलं, तर सगळे रस्त्यावर. आयोजक कोण, विषय काय, किती माणसं, किती वाजेपर्यंत, हे पत्रात लिहून दे आणि सहीशिक्क्याची पोच घे. कायद्याची शंका काढली तर शांतपणे सांग: ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७मधून वगळले, आणि तिच्या जागी १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तसं कलमच नाही. जागा पाहायला जाशील तेव्हा जिने मोज, लिफ्ट चालू आहे का ते चढून बघ आणि स्वच्छतागृहाच्या दारावर काय लिहिलंय ते पाहा. एकच, सगळ्यांसाठीचं असेल तर उत्तम.

आता खरा गाभा, वाचन. एका संध्याकाळी पाच निवडलेले लेखक, प्रत्येकी सात मिनिटं. त्यानंतर खुला माइक, सहा जणांना तीन-तीन मिनिटं. गद्य मोठ्याने वाचताना मिनिटाला सुमारे एकशे वीस शब्द होतात, म्हणजे सात मिनिटांत आठशेच्या वर जायचं नाही. कविता त्याहून सावकाश वाचावी लागते. ‘सात मिनिटं’ एवढंच सांगितलंस तर लोक बारा मिनिटांचं आणतील, म्हणून शब्दमर्यादा सांग. मजकूर युनिकोडमध्येच मागव. जुन्या फॉण्टमधली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की नुसता अक्षरांचा गोंधळ दिसतो, आणि हे कळतं छापायच्या वेळी.

निवड करताना तिघांनी नावं झाकून वाचावं. ‘धाडसी विषय’ म्हणून कच्चं लिखाण घेऊ नका. क्वीअर लेखकाने दर वेळी दुःखच वाचावं अशी अपेक्षाही नको. लोकलमधल्या भांडणावर किंवा आजीच्या वांग्याच्या भाजीवर लिहिलेलं तितकंच हक्काने वाचता आलं पाहिजे. मालवणी, आगरी, वऱ्हाडीत लिहिणाऱ्यांना मजकूर ‘सुधारून’ आणायला सांगू नका. क्रम लावताना पहिल्यांदाच वाचणाऱ्याला पहिलं ठेवायचं नाही आणि शेवटचंही नाही. दुसरी जागा त्याची. तोवर खोली स्थिर झालेली असते आणि त्याला वाट पाहून घाम फुटलेला नसतो. अगदी माइकपाशी येऊनही माघार घ्यायची मुभा हवी, कारण न विचारता. त्यासाठी एक राखीव वाचक तयार ठेव.

प्रत्येक लेखकाला सोळाच्या टायपात, कागदाच्या एकाच बाजूला छापलेली प्रत दे. मोबाइलवरून वाचताना पडदा मंद होतो, मध्येच ‘मम्मी कॉलिंग’ येतं. पंखा बंद करता येत नाही आणि त्याने पानं उडतात, म्हणून क्लिपबोर्ड ठेव. माइक तोंडापासून चार बोटं दूर, हनुवटीच्या किंचित खाली. अगदी समोर धरला की प, फ, भ फुटतात. ही तालीम पाच वाजता, प्रेक्षक यायच्या आत, प्रत्येकाची दोन ओळींची.

चाळीस माणसांची खोली असेल तर वीसच खुर्च्या मांड, बाकीच्या भिंतीला रचून ठेव, म्हणजे खोली रिकामी वाटत नाही.

फोटो एकाच माणसाने काढायचे, तेही प्रेक्षकांच्या मागे उभं राहून. म्हणजे फोटोत वाचणारा येतो आणि बाकीच्यांच्या पाठी. ज्याने होकार दिला त्याचाच फोटो. थेट प्रक्षेपण करू नकोस, एकदा गेलेलं परत घेता येत नाही. ध्वनिमुद्रण केलंस तर दोन दिवसांनी पुन्हा विचारून मगच टाक. कार्यक्रमाच्या उत्साहात दिलेला होकार सोमवारी सकाळी बदलू शकतो.

प्रश्न चिठ्ठ्यांवर घे. ‘हे तुमच्याच बाबतीत घडलं का?’ ही चिठ्ठी दर वेळी येईल, ती निवेदकाने बाजूला ठेवायची. कवितेतल्या ‘मी’बद्दल बोलायचं, समोर उभ्या माणसाबद्दल नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाक. दाराशी दोघं असू देत. कुणी अंगावर येऊन बोलू लागलं तर एकाने त्याला बाहेर नेऊन बोलत ठेवायचं, दुसऱ्याने आत थांबायचं. माइकवरून वाद घालायचा नाही.

महिन्याभराने त्या कार्यक्रमाच्या अर्जांमधले फोन नंबर पुसून टाक. ज्यांना पुढचे निरोप हवे आहेत, त्यांचेच ठेव.

हॉलला द्यायच्या पत्राचा मसुदा आणि अर्जाचा नमुना तयार झाला की पाठव. आम्ही वाचून खुणा करून देऊ.

तुझे,
वाचनाच्या कामातले आम्ही काही जण