'सेट'चे अर्थ तरी किती?

प्रश्न: मुलीचा इंग्लिशचा अभ्यास घेताना 'सेट'ने डोकं खाल्लंय, सूर्य मावळला तरी सेट, जेली घट्ट झाली तरी सेट, टेनिसमध्येही सेटच. एका शब्दाला एवढे अर्थ कसे?
– एक आई, सातारा

उत्तर: अहो ताई, तुम्ही तीनच सांगितलेत, ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत याचे ४३० अर्थ होते! मुळात हे दोन वेगळे शब्द आहेत. 'ठेवणं, बसवणं' वाला सेट जुन्या इंग्लिशमधला, त्यातूनच अलार्म सेट करणं, सिमेंट सेट होणं वगैरे आलं, आणि 'संच, गट' वाला, म्हणजे कपबशांचा किंवा गणितातला सेट, तो जुन्या फ्रेंचमधून आला, त्याच्या मुळाशी लॅटिनचा 'सेक्टा' म्हणजे अनुयायांचा पंथ. उच्चार सारखा म्हणून पुढे दोघांची सरमिसळ झाली. त्यात भूतकाळातही रूप बदलत नाही, सेट ते सेटच, पोरं गोंधळणारच ना. बरं आता पहिला नंबरही गेलाय त्याचा, २०११ च्या सुमारास 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले गेले. पाठांतराच्या भानगडीत पडूच नका, पूर्ण वाक्य वाचायला लावा. आणि आपण तरी कमी आहोत का, 'नोकरी लागली, लाईफ सेट' हे आपलंच की!