ड्रेस्डेनच्या घुमटातले काळे दगड

प्रश्न : आमची मुलगी जर्मनीत ड्रेस्डेनला शिकते. तिने पाठवलेल्या फ्राउएनकिर्श चर्चच्या छायाचित्रांत फिकट भिंतींमध्ये मधूनच काळे दगड दिसतात. ते बाँबहल्ल्यात जळालेले आहेत का? हल्ल्यानंतरही घुमट दोन दिवस उभा होता, हे खरे का?

उत्तर : घुमटाविषयी आपण ऐकले ते खरे आहे. काळे दगड मूळ अठराव्या शतकातील इमारतीचे आहेत, पण त्यांचा काळेपणा मुख्यतः आगीमुळे आलेला नाही. एल्बे नदीकाठच्या खाणींतील वालुकाश्मात लोह असल्यामुळे तो उन्हापावसात हळूहळू काळवंडतो. आजचे फिकट दगडही पुढे तसेच होतील.

ड्रेस्डेन ज्याची राजधानी होती त्या सॅक्सनी राज्याचा अधिपती ऑगस्ट याने पोलंडच्या गादीसाठी 1697 मध्ये कॅथलिक पंथ स्वीकारला. नगर मात्र ल्यूथरपंथीय, म्हणजे प्रोटेस्टंटच राहिले आणि 1726 मध्ये नगरपरिषदेने या चर्चची पायाभरणी केली. रचनाकार गेओर्ग बेअर हा मूळचा सुतार. आधी योजलेला तांब्याने मढवलेला लाकडी घुमट बाजूला ठेवून त्याने तो पूर्ण दगडात उभारण्याचे धाडस केले. तळाशी बाहेर झुकत भिंतींत मिसळणाऱ्या या घुमटाला लोक ‘दगडी घंटा’ म्हणतात, आणि माझ्या मते युरोपातील बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातील भव्य, अलंकृत शैलीच्या) वास्तूंमध्ये इतका एकसंध आकार विरळाच. आडव्या भिंतींवाटे भार बाहेरच्या भिंतींवर जाईल, असा बेअरचा हिशेब होता. प्रत्यक्षात त्यातला बराचसा आतल्या आठ सडपातळ खांबांवर आला आणि बांधकामात भेगा पडत राहिल्या. बेअर 1738 मध्ये वारला. चर्च 1743 मध्ये पूर्ण झाले.

13 फेब्रुवारी 1945 च्या रात्री ब्रिटिश विमानांनी शहरावर बाँबवर्षाव केला. घुमट तगला, परंतु आत शिरलेल्या आगीने तेच आठ खांब तापून खिळखिळे झाले आणि 15 तारखेच्या सकाळी सगळा भार खाली आला. पूर्व जर्मनीच्या काळात तो ढिगारा युद्धस्मारक म्हणून तसाच राहिला.

पुनर्बांधणी 1994 मध्ये सुरू झाली. ढिगाऱ्यातले दगड मोजून, क्रमांक देऊन, शक्य तेथे मूळ जागी बसवले गेले. उभा राहिलेला वायव्येकडील जिन्याचा मनोरा नव्या भिंतींत सामावून घेतला, म्हणून त्या कोपऱ्यात काळा रंग सलग दिसतो. नवे खांब अधिक कणखर वालुकाश्माचे आहेत आणि घुमटाचा रेटा आवरायला पोलादी कडे घातले आहे. 30 ऑक्टोबर 2005 रोजी चर्च पुन्हा उघडले. शिखरावरचा क्रूस घडवणाऱ्या लंडनच्या कारागिराचे वडील ड्रेस्डेनवरील त्या हल्ल्यात वैमानिक होते.

घुमटाच्या दोन कवचांमधून वर जाणारी चढण आहे. मुलीला तेथून जरूर जायला सांगा. दगडाची जाडी तेथेच नीट कळते.