जानेवारीत पास, मेमध्ये नापास

प्रश्न : प्रोसेसर इंटेल कोअर आय५-९६००के, झेड३९० मदरबोर्ड, १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर. जानेवारीत ओव्हरक्लॉक करून (प्रोसेसरचा वेग नेहमीपेक्षा वाढवून) ४.९ गिगाहर्ट्‌झ आणि १.३५ व्होल्टवर रात्री तासभर चाचणी व्यवस्थित झाली. आता दुपारी व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना निळा स्क्रीन येतो. व्होल्टेज वाढवू का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : नका वाढवू. कूलर चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली २० वरून ३८ अंशांवर गेली की चिपही जवळजवळ तेवढीच चढते. तेव्हा ७८ अंश असेल, तर आता ९६. शंभरला ही चिप स्वतःच वेग उतरवते. शिवाय तापलेल्या चिपला त्याच वेगासाठी थोडं जास्त व्होल्टेज लागतं, ते दिलं की ती आणखी तापते.

हिशेब बघा. ४.६ गिगाहर्ट्‌झ आणि १.२५ व्होल्टच्या तुलनेत तुमची सेटिंग सुमारे २४ टक्के जास्त वीज खाते, कारण वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते. वेग मिळतो साडेसहा टक्के. सौदा आतबट्ट्याचा आहे.

बायोस (मदरबोर्डची मूळ सेटिंग) डिफॉल्टवर आणा, एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) बंद ठेवा. गुणक (मल्टिप्लायर) ४६, म्हणजे ४.६ गिगाहर्ट्‌झ, व्होल्टेज हाताने १.२५, 'ऑटो' ठेवलंत तर बोर्ड गरजेपेक्षा बरंच जास्त देतो. लोड-लाइन कॅलिब्रेशन (ताणाखाली व्होल्टेज किती घसरू द्यायचं ते ठरवणारी सेटिंग) मधल्या पायरीवर. दर बदलानंतर सिनेबेंच (प्रोसेसरला ताण देणारी चाचणी) १० मिनिटं. मशीन कोसळलं तर ०.०१ व्होल्ट वाढवा. या कूलरवर १.३० च्या पुढे मात्र नाही. तिथेही कोसळलं तर गुणक एकने खाली. मशीन सुरूच झालं नाही, तर प्लग काढून सीमॉस क्लिअर करा (बायोसच्या सेटिंग पुसून मूळपदावर आणा).

शेवटी प्राइम९५ ही ताण-चाचणी, तिचा सर्वांत तापवणारा 'स्मॉल एफएफटी' प्रकार, एक तास, दुपारी तीनला. रात्री नको, माळव्याची रात्र चिपची बाजू घेते. तापमान ९० ओलांडलं की थांबवा. चाचणीचा एखादा वर्कर (एका कोअरवरचं काम) राउंडिंगची, म्हणजे आकडेमोडीची चूक दाखवून थांबला तर सेटिंग नापास, मग गेम कितीही छान चालो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी दिसल्या तरी नापासच, कारण अशा मशीनवर फाइल गुपचूप बिघडू शकते. एक्सएमपी सगळ्यात शेवटी चालू करा आणि मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी रात्रभर लावा.

स्क्रीन निळा न होता मशीन खटकन बंद पडलं, तर पॉवर सप्लाय तपासा. आणि कॅबिनेट डेझर्ट कूलरच्या झोतात ठेवू नका. ओलसर हवेत धूळ चिपच्या कूलरच्या फिन्सना (पातळ पत्र्यांना) चिकटून बसते.