रजिस्ट्री क्लीनर वापरावे का?

प्रश्न : कराड येथे माझा डीटीपीचा लहानसा व्यवसाय आहे. संगणक सात-आठ वर्षांचा असून त्यात विंडोज 10, 4 जीबी रॅम आणि जुनीच हार्ड डिस्क आहे. सकाळी तो सुरू होऊन कामाला लागेपर्यंत पाच मिनिटे जातात. इंटरनेटवरून घेतलेल्या एका रजिस्ट्री क्लीनरने तपासणी फुकट करून 1,143 चुका दाखवल्या, पण दुरुस्तीसाठी तो पैसे मागतो. पैसे भरावेत का? की पूर्णपणे मोफत असलेला एखादा क्लीनर वापरावा?

उत्तर : पैसे भरू नयेत आणि मोफत क्लीनरच्याही वाटेला जाऊ नये. आपला संगणक संथ आहे हे खरे, परंतु त्याचे कारण रजिस्ट्रीत नाही.

रजिस्ट्री म्हणजे विंडोजने आणि त्यावरील प्रोग्रामांनी आपापली सेटिंग्ज नोंदवून ठेवण्याची जागा. 1992 च्या विंडोज 3.1 मध्ये ती मर्यादित स्वरूपात आली आणि विंडोज 95 पासून, पूर्वी निरनिराळ्या आयएनआय फायलींत (सेटिंग्ज लिहिलेल्या साध्या मजकूर फायलींत) विखुरलेली बहुतेक माहिती तिच्यात जाऊ लागली. प्रोग्राम काढून टाकला तरी त्याच्या काही नोंदी मागे राहतात, हे अशा नोंदी पुसणारे क्लीनर विकणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. मात्र त्या नोंदींमुळे संगणक मंदावतो, हा त्यापुढचा दावा टिकत नाही. विंडोज एखादी नोंद शोधताना संपूर्ण रजिस्ट्री पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत नाही. फोल्डरात फोल्डर असावा तशा रचनेतून ती नेमक्या मार्गाने खाली उतरते आणि शेजारच्या फांदीवर हजार निरुपयोगी नोंदी पडून असल्या तरी तिला त्यांच्याशी कर्तव्य नसते. जागेचे म्हणाल, तर अशा हजार नोंदी काढूनही बहुधा एक मेगाबाइटसुद्धा वाचत नाही.

मग 1,143 चुका आल्या कुठून? त्या यादीतील एखादी ओळ उघडून पाहावी. गेल्या महिन्यात आपण ग्राहकाच्या पेन ड्राइव्हवरून लग्नपत्रिकेची फाइल उघडली असेल, तर अलीकडे उघडलेल्या फायलींच्या यादीत तिचा मार्ग नोंदला गेला; आता पेन ड्राइव्ह जोडलेला नाही, म्हणून क्लीनरच्या लेखी ती ‘चूक’ ठरली. काढून टाकलेल्या फाँटचे नाव, जुन्या प्रिंटरच्या ड्रायव्हरचा उल्लेख, कोणताही प्रोग्राम आता वापरत नसलेला फाइलप्रकार, अशा नोंदींनीच हा आकडा फुगतो. यांतील बहुतेक नोंदी राहिल्याने काही बिघडत नाही आणि काढल्याने काही सुधारत नाही. तपासणी फुकट आणि दुरुस्तीला पैसे, हा मामलाच असा आहे की आकडा जितका मोठा दिसेल तितकी विक्री सोपी. 2008 मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने टेक्सासमधील अशाच एका विक्रेत्यावर, संगणक गंभीर धोक्यात असल्याचे संदेश झळकावून 39.95 डॉलरचा क्लीनर गळ्यात मारल्याबद्दल दावा लावला होता. पुढे 1 मार्च 2018 पासून मायक्रोसॉफ्टनेही, घाबरवून पैसे भरायला लावणाऱ्या अशा प्रोग्रामांची गणना नको असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये करायला सुरुवात केली.

धोक्याची बाजू मात्र खरी आहे. कोणती नोंद कोणत्या प्रोग्रामला केव्हा लागेल, हे क्लीनरला अंदाजानेच ठरवावे लागते. आपल्या व्यवसायात दहा-पंधरा वर्षांपूर्वी विकत घेतलेली आणि आता पुन्हा सहज न मिळणारी सॉफ्टवेअर वापरात असतात. त्यांतील काहींच्या परवान्याची खूण रजिस्ट्रीतच असते आणि ती पुसली गेली, तर ऐन लग्नसराईत काम अडते. मायक्रोसॉफ्टने एके काळी स्वतःच ‘रेगक्लीन’ नावाचे साधन दिले होते आणि नंतर ते मागेही घेतले. आता अशा साधनांच्या वापराला पाठिंबा नसल्याचे आणि त्यांतून झालेला बिघाड दुरुस्त होईलच याची हमी देता येणार नसल्याचे कंपनीचे धोरणच आहे. नामांकित आणि मोफत साधन घेतले म्हणजे निर्धास्त झालो, असेही नाही. सप्टेंबर 2017 मध्ये सीक्लीनरच्या 5.33 या आवृत्तीत घुसखोरांनी हानिकारक कोड मिसळल्याचे उघड झाले, तोवर ती सुमारे 22 लाख 70 हजार संगणकांवर पोहोचली होती.

आता आपल्या पाच मिनिटांविषयी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि संगणक नुकताच सुरू झालेला असताना डिस्कचा आकडा पाहावा. तो बराच वेळ 100 टक्क्यांच्या आसपास रेंगाळत असेल, तर दुखणे हार्ड डिस्कचे आणि अपुऱ्या रॅमचे आहे. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (तिच्याहून कितीतरी वेगवान डिस्क) बसवून रॅम 8 जीबी केल्यास जो फरक पडेल, तो कोणत्याही क्लीनरने पडणार नाही, आणि हा खर्च नव्या संगणकाच्या मानाने किरकोळ आहे. तोपर्यंत टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप या भागातील अनावश्यक प्रोग्राम बंद करावेत. प्रिंटर आणि अँटिव्हायरस यांच्या नोंदींना मात्र हात लावू नये. विंडोज 10 चा सर्वसाधारण पाठिंबा (नियमित सुरक्षा अपडेट) 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला असल्याने, पैसे घालण्यापूर्वी हा संगणक विंडोज 11 साठी पात्र आहे का, एवढे तपासून घ्यावे.

प्रश्न : मी क्लीनर वापरून मोकळा झालो आणि तेव्हापासून हिशेबाचा प्रोग्राम उघडत नाही. आता काय करावे? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : प्रथम तोच क्लीनर उघडून त्याने बॅकअप घेतला आहे का, ते पाहावे. बहुतेक क्लीनर नोंदी पुसण्यापूर्वी तसे विचारतात आणि आपण होकार दिला असेल, तर पुसलेल्या नोंदी परत आणता येतात. बॅकअप नसेल, तर सिस्टिम रिस्टोअर या, विंडोजला पूर्वीच्या स्थितीत नेणाऱ्या सोयीमध्ये क्लीनर वापरण्यापूर्वीच्या तारखेचा रिस्टोअर पॉइंट आहे का, ते तपासावे. अनेक संगणकांवर ही सोय बंदच असते. विंडोज पूर्वी रेगबॅक या फोल्डरात रजिस्ट्रीची प्रत आपोआप ठेवत असे, पण विंडोज 10 च्या 1803 या आवृत्तीपासून ते थांबले आहे आणि त्या फोल्डरातील फायली शून्य आकाराच्या दिसतात. त्यामुळे जुन्या लेखांतील तो उपाय करण्यात वेळ घालवू नये. यांपैकी काहीच हाती लागले नाही, तर हिशेबाच्या डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, परवान्याचा क्रमांक शोधून जवळ ठेवावा आणि मगच तो प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल करावा.