गुहेच्या भिंतीवरची निळसर हिरवाई

प्रश्न : विशाखापट्टणमहून अरकूला जाताना आम्ही बोर्रा गुहा पाहिल्या. तोंडाजवळच्या खडकावर आणि आत विजेच्या दिव्यांभोवती निळसर हिरवा थर दिसला. ऊन पोहोचत नाही तिथे हे शेवाळ जगते कसे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : चुनखडीच्या गुहांतील अशा थरांत सायनोबॅक्टेरियांचा, म्हणजे नीलहरित जीवाणूंचा, वाटा बहुधा मोठा असतो. त्यांना शेवाळ म्हणण्याची रूढी जुनी असली, तरी पेशीत केंद्रक नसल्यामुळे ते जीवाणूच ठरतात. प्रकाशसंश्लेषण मात्र ते वनस्पतींसारखेच करतात. त्यामुळे गुहेत कोण कुठे राहणार, हे मुख्यतः उजेड आणि ओल या दोन गोष्टींवर ठरते.

तोंडाशी, जिथे ऊन आणि कोरडेपणा दोन्ही सोसावे लागतात, तिथे ग्लिओकॅप्सासारख्या प्रजाती आढळतात. त्यांच्या पेशींभोवतीचे बुळबुळीत आवरण पाणी धरून ठेवते आणि त्यातील गडद रंगद्रव्ये प्रखर उन्हापासून बचाव करतात. थोडे आत सायटोनिमा ज्युलियानम हा तंतुमय जीवाणू अंगावर चुन्याचे स्फटिक चढवून घेतो, म्हणून त्याचा थर हिरवा न दिसता राखाडी-पांढरा दिसतो आणि पाहणाऱ्याला तो नुसता दगडच वाटतो. गाइटलेरिया कॅल्केरिया तर जवळजवळ गुहांपुरताच मर्यादित आहे.

खरे नवल त्याही पुढे आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या कार्ल्सबॅड गुहांत, डोळ्यांना जवळपास काहीच दिसत नाही अशा कोपऱ्यांतही, क्लोरोफिल-डी आणि क्लोरोफिल-एफ ही, नेहमीच्या हरितद्रव्यापेक्षा अधिक लांब लहरींचा प्रकाश टिपणारी हरितद्रव्ये बाळगणारे सायनोबॅक्टेरिया सापडले आहेत. चुनखडीचा खडक ७०० नॅनोमीटरपलीकडचा, आपल्याला न दिसणारा प्रकाश चांगला परावर्तित करतो. तो भिंतीवरून भिंतीवर आपटत आत पोहोचतो आणि त्यावरच या जीवांचे भागते. यांतले क्लोरोफिल-एफ २०१० साली ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथील स्ट्रोमॅटोलाइटांमुळे, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या थरांतून घडलेल्या खडकांमुळे, प्रथम माहीत झाले.

दिव्यांभोवतीचा थर हा मात्र माणसाने आणलेला पाहुणा आहे. बीजाणू आणि पेशी हवेबरोबर, पाण्याबरोबर, पर्यटकांच्या कपड्यांना व चपलांना चिकटून आत येतात, आणि सतत जळणारा दिवा त्यांना पुरतो. त्यात हिरवी शैवाले आणि मॉसही असतात. फ्रान्समधील प्रागैतिहासिक भित्तिचित्रांची लास्को गुहा १९६३ साली बंद करावी लागली, तेव्हा चित्रांवर पसरलेली हिरवी बाधा मुख्यतः हिरव्या शैवालाचीच होती. असा थर खरवडून काढल्यास खडकाचा पापुद्राही निघतो, म्हणून दिवे कमी वेळ लावणे आणि त्यांची तीव्रता घटवणे हाच पहिला उपाय मानावा.